न्यूरोफीडबॅकच्या खोलीत काय घडतं?

“मुलाच्या डोक्याला वायरी लावणार म्हणतात. शॉक तर बसत नाही ना?” न्यूरोफीडबॅक हे नाव पहिल्यांदा कानावर पडलं की बहुतेक आई-वडील आधी हेच विचारतात. त्यापाठोपाठ येतं, “याने गोळ्या बंद होतील का?” मोठी माणसं स्वतःसाठी चौकशी करतात तेव्हा प्रश्न असतो, “झोप लागेल का? डोक्यातली कलकल थांबेल का?”

पहिल्या प्रश्नाचं उत्तर एका शब्दात देता येतं: नाही. बाकीच्या प्रश्नांची उत्तरं मात्र टप्प्याटप्प्याने समजून घ्यावी लागतात. यंत्र काय मोजतं, त्या मोजमापाचं पुढे काय करतात, सत्रात मुलाला आणि मोठ्या माणसाला काय जाणवतं आणि आजवरच्या चाचण्यांतून काय हाती लागलं, हे सगळं या प्रकरणात क्रमाने पाहू. यात बराच पैसा जातो, त्याहून जास्त वेळ जातो आणि सगळ्यात जास्त गुंतते ती आशा. म्हणून पहिलं सत्र ठरवण्याआधीच ही माहिती हाताशी असायला हवी.

१. यंत्र फक्त मोजतं

मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या सूक्ष्म संकेतांनी बोलतात. लाखो पेशी एका लयीत काम करू लागल्या की त्या विजेचा क्षीण अंश कवटीतून बाहेर, डोक्याच्या त्वचेपर्यंत पोहोचतो. तिथे धातूची छोटी चकती चिकटवली तर तो मोजता येतो. ही चकती म्हणजे इलेक्ट्रोड आणि त्यातून मिळणारा आलेख म्हणजे ईईजी. जर्मनीतल्या येना शहरात हान्स बर्गर या मनोविकारतज्ज्ञाने १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी नोंदवला आणि १९२९ साली तो प्रसिद्ध केला.

ही वीज किती असते? साधारण १० ते १०० मायक्रोव्होल्ट. एक मायक्रोव्होल्ट म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. घड्याळातला पेन्सिल सेल दीड व्होल्टचा असतो. डोक्यावर मिळालेला संकेत ५० मायक्रोव्होल्टचा धरला तर तो त्या सेलच्या तीस हजाराव्या भागाइतका भरतो. म्हणूनच तो आधी कित्येक पटींनी मोठा करावा लागतो, मग तो पडद्यावर दिसतो.

न्यूरोफीडबॅकमध्ये वीज डोक्याकडून यंत्राकडे जाते, यंत्राकडून डोक्याकडे काही येत नाही. मेंदूला सौम्य विद्युतप्रवाह देणाऱ्या टीडीसीएससारख्या पद्धती आहेत, पण त्यांचे नियम आणि धोके वेगळे. तुम्ही गेलात त्या केंद्रात कोणतं उपकरण वापरतात आणि त्यातून काही प्रवाह आत जातो का, हे थेट विचारावं.

२. लहरींची ओळख

ईईजीच्या आलेखात एकाच वेळी अनेक लहरी मिसळलेल्या असतात. एका सेकंदात लहर किती वेळा वरखाली होते त्या आकड्याला हर्ट्झ म्हणतात. त्यानुसार लहरींना ग्रीक अक्षरांची नावं दिलेली आहेत.

डेल्टा ४ हर्ट्झपेक्षा संथ. गाढ झोपेत तिचं राज्य असतं. थीटा ४ ते ८ हर्ट्झ. पेंगुळलेपणात, तंद्रीत वाढते. अल्फा साधारण ८ ते १२ हर्ट्झ; जागेपणी डोळे मिटून निवांत बसलं की डोक्याच्या मागच्या भागात ठळक होते आणि डोळे उघडले की ओसरते. बीटा १३ ते ३० हर्ट्झ. जागेपणी, कामात गुंतलेलं असताना दिसते. यांच्या अधेमध्ये, १२ ते १५ हर्ट्झच्या पट्ट्यात, मेंदूच्या हालचाली सांभाळणाऱ्या भागावर एक लय दिसते. शरीर स्थिर आणि मन जागं असताना ती वाढते. तिला एसएमआर म्हणतात. हे नाव पुढे पुन्हा येईल.

इथे एक सावधगिरी हवी. कोणतीही लहर चांगली किंवा वाईट नसते. थीटा जास्त म्हणजे मेंदूत बिघाड, असा अर्थ होत नाही. लहान मुलांच्या ईईजीत संथ लहरी मुळातच जास्त असतात. तीन वर्षांच्या मुलाची मुख्य लय ८ हर्ट्झच्या आसपास असते आणि दहाव्या वर्षाच्या सुमारास ती १० हर्ट्झपर्यंत पोहोचते. म्हणून सात वर्षांच्या मुलाचा आलेख सात वर्षांच्याच मुलांशी ताडून पाहावा लागतो. रात्रीची अपुरी झोप, चालू असलेली औषधं, चहा-कॉफी यांचाही आलेखावर परिणाम होतो. चिंता कमी करण्यासाठी किंवा झोपेसाठी दिल्या जाणाऱ्या काही गोळ्यांनी बीटा वाढते. त्यामुळे एका दिवसाच्या रंगीत नकाशावर बोट ठेवून “इथे दोष आहे” असं कुणी सांगू लागलं तर थांबून विचार करावा.

३. दाखवल्याने मेंदू शिकतो कसा?

गाणं शिकणाऱ्या मुलीला घशातला कोणता स्नायू किती ताणायचा हे कुणी सांगू शकत नाही. ती सूर लावते, तो तानपुऱ्याशी जुळला की नाही हे तिला ऐकू येतं, ती पुन्हा लावते. शेकडो वेळा असं झालं की गळा आपोआप जागेवर जातो. कसं जमलं हे तिला शब्दांत सांगता येत नाही, पण जमलेलं असतं. न्यूरोफीडबॅकमागची कल्पना हीच. स्वतःच्या मेंदूची लहर आपल्याला एरवी जाणवत नाही. यंत्र ती जाणवून देतं: हवी ती लय आली की आवाज होतो, चित्र हलतं, गेली की थांबतं.

याची सुरुवात शिकागो विद्यापीठात झाली. १९५०च्या दशकाच्या अखेरीस जो कामिया हे मानसशास्त्रज्ञ स्वयंसेवकांना डोळे मिटून बसवत, मधूनच घंटी वाजवत आणि विचारत, “आत्ता तुमच्या मेंदूत अल्फा होती की नव्हती?” उत्तर बरोबर की चूक, एवढंच सांगत. सुरुवातीला निम्मे अंदाज चुकत. काही दिवसांच्या सरावाने काही जण ते कमालीच्या अचूकतेने ओळखू लागले. पुढे सांगितल्यावर अल्फा आणणं आणि घालवणंही काहींना जमलं.

याच विषयाकडे जाणारी एक वाट आपल्या देशातूनही निघाली होती. दिल्लीच्या एम्समध्ये बी. के. आनंद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६१ साली ध्यानस्थ योग्यांचे ईईजी प्रसिद्ध केले. ध्यानात त्यांची अल्फा टिकून राहत होती आणि बाहेरच्या आवाजाने किंवा स्पर्शाने मोडत नव्हती.

अमेरिकेत बॅरी स्टर्मन यांनी मांजरांवर प्रयोग केले. एसएमआर वाढली की मांजराला दूध मिळे. मांजरं ती लय वाढवायला शिकली. पुढे झटके आणणाऱ्या एका रॉकेट-इंधनाची चाचणी करताना असं दिसलं की या शिकलेल्या मांजरांना झटके उशिरा येतात. मांजराच्या मनात उपचारावर श्रद्धा असण्याचा प्रश्नच नव्हता, म्हणून या निष्कर्षाला वजन आलं. १९७२ साली स्टर्मन यांनी अपस्मार असलेल्या एका तरुणीवर हाच प्रयोग केल्याची नोंद प्रसिद्ध केली. १९७६ साली टेनेसी विद्यापीठातल्या जोएल लुबार यांनी तो अतिचंचल मुलाकडे नेला. आज मुलांसाठी न्यूरोफीडबॅक घेण्याचं सर्वांत मोठं कारण हेच आहे: अवधानाचा अभाव आणि अतिचंचलता, म्हणजे एडीएचडी.

मेंदूच्या लहरींवर माणूस ताबा मिळवू शकतो, याचा अत्यंत हृद्य पुरावा जर्मनीतल्या ट्युबिंगेनचा आहे. नील्स बिरबाउमर यांच्या गटाने १९९९ साली दाखवून दिलं की शरीर जवळजवळ संपूर्ण लुळं पडलेले रुग्ण मेंदूतल्या संथ विद्युतबदलांवर नियंत्रण शिकून संगणकाच्या पडद्यावर एकेक अक्षर निवडू शकतात, वाक्य लिहू शकतात.

म्हणजे लहर बदलायला शिकता येतं. पण लहर बदलल्याने अभ्यासातलं लक्ष वाढतं का, झोप सुधारते का, हा दुसरा आणि वेगळा प्रश्न आहे. हे दोन प्रश्न वेगळे ठेवले की पुढचं सगळं स्पष्ट दिसू लागतं.

४. पहिली भेट

चांगल्या केंद्रात पहिल्याच दिवशी वायरी लावत नाहीत. आधी बोलणं होतं. मुलाचा जन्म, वाढ, शाळेतला अनुभव, झोप, जेवण, मोबाइलचा वेळ, घरातले ताण, आधीचे आजार, चालू औषधं, कधी झटके आले होते का, डोक्याला मार लागला होता का, हे सगळं विचारतात. शिक्षकांसाठी प्रश्नावली देतात. चष्म्याचा नंबर, ऐकण्यातला दोष, रक्तातलं कमी लोह, थायरॉइडची तक्रार किंवा वाचनाची विशिष्ट अडचण यांमुळेही मूल वर्गात हरवल्यासारखं दिसू शकतं. हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नये.

मग एक मूळ नोंद घेतात: काही मिनिटं डोळे मिटून, काही मिनिटं उघडे ठेवून. काही ठिकाणी १९ इलेक्ट्रोडची टोपी घालून सबंध डोक्याचा नकाशा काढतात. नियोजनाला त्याचा उपयोग होऊ शकतो. एडीएचडीचं निदान मात्र त्यावरून होत नाही. ते आजही तज्ज्ञाच्या मुलाखतीतून आणि घर, शाळा अशा दोन्हीकडच्या वागण्याच्या माहितीतून करतात.

जाताना काही साध्या गोष्टी पाळाव्यात. आदल्या दिवशी केस धुवावेत. डोक्याला तेल लावून जाऊ नये. खोबरेलाच्या थरावर चकती नीट चिकटत नाही. घट्ट वेणी, धातूच्या पिना आणि कानातले काढावे लागतील, कारण कानाच्या पाळीला चिमटा लावतात. मुलाने जेवून-खाऊन जावं आणि रात्री झोप पुरेशी झालेली असावी. नेहमीच्या गोळ्या स्वतःहून चुकवू नयेत.

५. एक सत्र, सुरुवातीपासून शेवटापर्यंत

सत्र साधारण ४५ मिनिटं ते तासाभराचं असतं. प्रत्यक्ष सराव त्यातली २० ते ३० मिनिटं.

आधी टेपने डोकं मोजतात. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत अंतर घेऊन त्याचे १० आणि २० टक्क्यांचे भाग पाडतात. हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ साली मांडलेली ही पद्धत आजही जगभर वापरतात. समजा, पुढून मागे अंतर ३६ सेंटिमीटर भरलं. मग पहिली खूण १० टक्क्यांवर, म्हणजे ३.६ सेंटिमीटरवर, आणि माथ्याचा मध्य १८ सेंटिमीटरवर. याने प्रत्येक सत्रात चकती त्याच जागी येते.

ती जागा खरखरीत जेलने हलकेच पुसतात, पेस्ट लावून चकती बसवतात, दोन चिमटे कानांना. पेस्ट थंड आणि चिकट लागते. दुखत नाही. काही मुलांना डोक्याला हात लावलेला सोसत नाही. अशा मुलाला पहिल्या दिवशी चकती हातात घेऊन पाहू द्यावी, आईच्या किंवा बाबांच्या हातावर चिकटवून दाखवावी.

मग थेरपिस्ट मुलाला पापण्या मिटायला, दात आवळायला, मान हलवायला सांगतो. पडद्यावरची रेघ एकदम उसळते. मुलांना हे फार आवडतं आणि ते महत्त्वाचंही आहे. डोळ्यांच्या आणि जबड्याच्या हालचालींची वीज मेंदूच्या विजेपेक्षा कितीतरी मोठी असते. घट्ट दात आवळले की स्नायूंचा संकेत बीटाच्या पट्ट्यात घुसतो. यंत्राने तो वेगळा काढला नाही तर मूल लक्ष देण्याऐवजी दात आवळायला शिकेल आणि त्यालाच बक्षीस मिळत राहील. म्हणून स्नायू ताणले गेले की गुण थांबतात, अशी सोय चांगल्या यंत्रणेत असते.

आता खेळ सुरू होतो. विमान उडतं, गाडी धावते किंवा आवडता व्यंगपट स्पष्ट दिसतो. लय बिघडली की विमान खाली येतं, चित्र अंधुक होतं. मुलाला फार सूचना देत नाहीत. “विमान वर राहू दे” एवढंच. मधे दर काही मिनिटांनी विश्रांती.

बक्षीस कधी द्यायचं हे कसं ठरवतात? एक उदाहरण पाहू. दहा वर्षांच्या एका मुलीची थीटा सरासरी २० मायक्रोव्होल्ट आहे असं समजा आणि ती कमी करण्याचा सराव आहे. थेरपिस्ट २२ची रेषा आखतो. थीटा २२च्या खाली असेल तोवर विमान वर. दर दहा सेकंदांत साधारण सात सेकंद ती खाली असते, म्हणजे खेळ फार सोपाही नाही आणि हिरमोड करणाराही नाही. काही सत्रांनी सरासरी १८ झाली तर दहापैकी नऊ सेकंद विमान वरच राहील. शिकण्यासारखं काही उरणार नाही. मग रेषा २०वर आणतात. पुन्हा दहापैकी सात.

यातून पालकांसाठी एक मोलाची गोष्ट निघते. रेषा सरकत असल्याने खेळातले गुण कायम तेवढेच राहू शकतात. उलटही घडतं. मुलगी दमलेली आहे, थीटा २४वर गेली आहे, यंत्राने रेषा आपोआप २६वर नेली, तरीही गुण दहापैकी सातच. म्हणून “आज किती गुण मिळाले?” या प्रश्नाला फारसा अर्थ नाही. सत्रागणिक मायक्रोव्होल्टचा आलेख दाखवा, असं म्हणावं.

शेवटी पेस्ट ओल्या कपड्याने पुसतात आणि सत्र संपतं. काही पद्धतींत मधले काही डाव पडदा बंद ठेवून घेतात: तीच स्थिती आता न पाहता आणायची. तानपुरा थांबल्यावरही सूर टिकला पाहिजे, नाहीतर वर्गात मुलाला काहीच उपयोग नाही.

६. मुलांचं आणि मोठ्यांचं

लहान मुलांना कंटाळा येतो. पहिली चार-पाच सत्रं नवलाईची, मग “आज नको” सुरू होतं. हे स्वाभाविक आहे. मुलाला आमिष दाखवून किंवा धाक घालून बसवलं तर ताण वाढतो आणि आलेखात स्नायूंचीच वीज दिसते. आई-वडिलांनी खोलीत बसावं, पण सतत सूचना देऊ नयेत. “नीट लक्ष दे, पैसे भरलेत” हे वाक्य तर कधीच नको. आपल्या मेंदूत काहीतरी बिघडलंय म्हणून आपल्याला इथे आणतात, असं मुलाला वाटू न देणं ही मोठ्यांची जबाबदारी आहे.

किशोरवयीन मुलांना आलेख समजावून सांगितलेला आवडतो. सूत्रं त्यांच्या हाती दिली, म्हणजे कोणत्या वेळी यायचं, कोणता खेळ निवडायचा हे त्यांनी ठरवलं, तर ती टिकतात.

मोठी माणसं बहुधा ताण, निद्रानाश, एकाग्रता किंवा व्यसनमुक्तीसाठी येतात. त्यांच्या सत्रांत पुष्कळदा डोळे मिटलेले असतात आणि फीडबॅक आवाजातून मिळतं. त्यांची अडचण मुलांच्या उलट असते: ती फार जोर लावतात. अल्फा वाढवण्यासाठी जितकी धडपड करावी तितकी ती दूर पळते, कारण धडपड म्हणजेच ताण. काही सत्रांनी बरेच जण खटपट सोडून बसायला शिकतात. तेवढंही अनेकांना हायसं वाटतं. डोळे मिटून शांत बसल्यावर जुनी दुःखं वर येणं, रडू येणं हेही कधी कधी घडतं. त्या वेळी समोर यंत्र चालवणारा तंत्रज्ञ असण्यापेक्षा प्रशिक्षित मानसोपचारतज्ज्ञ असणं किती गरजेचं आहे ते कळतं.

सत्रानंतर थोडा थकवा, डोकं जड होणं, चिडचिड किंवा झोप येणं असं होऊ शकतं. बहुतेक वेळा ते लवकर ओसरतं. दोन-तीन सत्रांनंतरही झोप बिघडलेली किंवा चिडचिड वाढलेली दिसली तर सांगावं. सरावाची पद्धत बदलावी लागते किंवा थांबावं लागतं.

७. किती सत्रं, किती खर्च?

साधारणपणे आठवड्याला दोन ते तीन, एकूण २० ते ४० सत्रं सांगतात. खर्चाचा हिशोब स्वतः मांडून पाहावा. समजा सत्राचे १,५०० रुपये आणि ३० सत्रं. झाले ४५,००० रुपये. सत्र एक तासाचं, जाण्या-येण्याचा एक तास. म्हणजे ६० तास. आठवड्याला दोन सत्रं धरली तर १५ आठवडे, जवळजवळ शाळेचं एक सत्र. त्या ६० तासांत मुलाचं मैदानावरचं खेळणं, गोष्टीचं पुस्तक, आजीकडे जाणं यातलं काय सुटणार आहे, तेही हिशोबात धरावं.

८. मग फायदा होतो का?

सत्रं घेतलेल्या अनेक मुलांचे आई-वडील मनापासून सांगतात की फरक पडला. ते खोटं बोलत नसतात. प्रश्न एवढाच की फरक कशाने पडला? आपण केंद्रात जातो ते बहुधा सगळ्यात वाईट दिवसांत. त्यानंतरचे दिवस बरे जाण्याची शक्यता तशीही जास्त असते. मूल वयाने वाढतं. आठवड्यातून दोनदा एक प्रेमळ मोठं माणूस त्याच्याकडे पूर्ण लक्ष देतं आणि शाबासकी देतं. आणि इतका खर्च केल्यावर बदल शोधणारी नजर आपोआप तयार होते.

हे सगळं वेगळं काढायचा एक मार्ग आहे. काही मुलांना खरं फीडबॅक द्यायचं आणि काहींना हुबेहूब तसंच पण खोटं. कुणाला काय मिळतंय हे मुलाला, पालकांना, थेरपिस्टलाही ठाऊक नसतं. अमेरिकेत अशी एक मोठी चाचणी झाली आणि तिचे निष्कर्ष २०२१ साली छापून आले. सात ते दहा वर्षांची १४४ मुलं, ज्यांना एडीएचडी होता आणि ज्यांची थीटा बीटाच्या मानाने जास्त होती, अशीच निवडली. प्रत्येकी ३८ सत्रांची योजना. एका गटाचा खेळ स्वतःच्या मेंदूवर चालला. दुसऱ्या गटाचा, आधी नोंदवून ठेवलेल्या दुसऱ्याच मुलाच्या ईईजीवर. दोन्ही गटांची मुलं सुधारली, चांगली सुधारली. पण दोघांत फरक आढळला नाही. वर्षभराने पाहिलं तरी लक्षणांच्या बाबतीत तेच चित्र होतं.

२०२४च्या अखेरीस ३८ चाचण्यांचा आणि त्यांतल्या २,४७२ जणांचा एकत्रित आढावा आला. ज्यांना उपचार कोणता चाललाय हे बहुधा माहीत नव्हतं अशांनी दिलेलं मोजमाप धरलं, तर एडीएचडीच्या लक्षणांवर जाणवण्याजोगा परिणाम एकूण गटात दिसला नाही. ठरीव, जुन्या पद्धती काटेकोर वापरलेल्या चाचण्यांत लहानसा फायदा आढळला. मोठ्यांच्या निद्रानाशाबाबत ऑस्ट्रियातल्या गटाने २०१७ साली अशीच खऱ्या-खोट्याची तुलना केली. तिथेही झोप बरी झाल्याचं दोन्हीकडच्या लोकांनी सांगितलं, सारख्याच प्रमाणात. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९च्या मार्गदर्शिकेत एडीएचडीसाठी या पद्धतीची शिफारस केलेली नाही.

या निष्कर्षांकडे निराशेने पाहायचं कारण नाही. खोट्या फीडबॅकच्या गटातली मुलंही सुधारली, म्हणजे दोन्ही गटांना जे समान मिळालं त्यात बळ असू शकतं: नेमाने येणं, शांत बसण्याचा सराव, मोठ्यांचं लक्ष, झोपेची आणि आहाराची काळजी. यातलं पुष्कळसं घरीही देता येतं.

९. बदल मोजणारी वही

तरीही सत्रं घ्यायची ठरवली, तर सुरू करण्याआधी दोन आठवडे एक वही ठेवावी. तीनच गोष्टी निवडाव्यात आणि त्या मोजता येतील अशा असाव्यात. गृहपाठाच्या तासात मूल किती वेळा उठलं. रात्री आडवं झाल्यावर झोप किती मिनिटांनी लागली. सकाळी दप्तर भरायला किती वेळा सांगावं लागलं.

समजा, आधीच्या दोन आठवड्यांत मूल गृहपाठातून रोज ७ ते ११ वेळा उठत होतं, सरासरी ९. दहा सत्रांनंतर सरासरी ८ आली. हा बदल नव्हे. नेहमीचा चढउतारच एवढा आहे. सलग तीन आठवडे ती ५वर राहिली, आणि ज्यांना सत्रांबद्दल सांगितलेलं नाही अशा वर्गशिक्षिकेनेही आपणहून सुधारणा सांगितली, तर ती नोंद भारी आहे. याच काळात औषध, शिकवणी किंवा शाळा बदलली असेल तर तेही तारखेसह लिहावं, नाहीतर श्रेय भलत्याच गोष्टीला जाईल. दहाव्या सत्रानंतर वही घेऊन थेरपिस्टसमोर बसावं आणि पुढे जायचं की थांबायचं ते तिच्यावरून ठरवावं.

१०. केंद्र निवडताना

समोरची व्यक्ती कोण आहे ते आधी पाहावं. चिकित्सा मानसशास्त्रज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी असते. तो क्रमांक विचारायला संकोच करू नये. न्यूरोफीडबॅकचं प्रशिक्षण कुठे घेतलं हेही विचारावं. बेंगळुरूच्या निमहान्समध्ये डोक्याला मार लागलेल्या रुग्णांसाठी या पद्धतीचे अभ्यास झाले आहेत. अशा ठिकाणी ती पूर्ण तपासणीच्या आणि इतर उपचारांच्या जोडीने वापरतात, एकटी नाही.

मग हे प्रश्न विचारावेत. माझ्या मुलाचं निदान कुणी आणि कशावरून केलं? कोणती लहर, कोणत्या जागी, कशासाठी बदलायची आहे? स्नायूंचा संकेत कसा वेगळा काढता? सुधारणा कशाने मोजणार? मधेच थांबलो तर उरलेले पैसे परत मिळतील का? उत्तरं शांतपणे, सोप्या भाषेत मिळाली तर चांगलं. “शंभर टक्के खात्री”, “गोळ्या नक्की सुटतील”, “आजच सगळे पैसे भरा” असं ऐकू आलं तर उठून यावं.

काही बाबतींत तडजोड नको. अपस्माराच्या गोळ्या कुणाच्याही सांगण्यावरून परस्पर बंद करू नयेत. झटका जिवावर बेतू शकतो. तीव्र नैराश्य किंवा जीव नकोसा वाटणं असेल तर आधी मनोविकारतज्ज्ञ. त्या घडीला सरकारच्या टेलिमानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र उपलब्ध असतो.

पैसा आणि वेळ मर्यादित असतो, म्हणून क्रम ठरवावा लागतो. मुलाला एडीएचडी असेल तर सर्वांत आधी नीट निदान, मग पालकांचं प्रशिक्षण, वर्गात बसण्याची जागा आणि कामाचे छोटे भाग यांसारखे शाळेतले बदल, आणि तज्ज्ञाला गरज वाटली तर औषध. मोठ्यांच्या निद्रानाशात आधी झोपेच्या सवयी बदलणारी मानसोपचारपद्धती. यांच्यामागे पुरावा भक्कम आहे. हे सगळं चालू असताना घराला परवडत असेल, मूल आनंदाने बसत असेल आणि वहीतले आकडे साथ देत असतील, तर न्यूरोफीडबॅक जोडीला घ्यायला हरकत नाही. पण त्यासाठी या भक्कम गोष्टींपैकी एकही सोडू नये. आणि फरक पडला नाही, तर ती पद्धत त्या मुलाला लागू पडली नाही एवढंच म्हणावं. प्रयत्नात मूल कमी पडलं, असं त्याच्या कानावर कधीही येऊ देऊ नये.